प्रोसेसचा हिशेब नेमका कधी लिहिला जातो?

सर्व्हरचा सीपीयू सत्तर टक्क्यांच्या आसपास अडकून बसलाय, आणि टॉप (चालू प्रोग्रॅमची, म्हणजे प्रोसेसची, यादी दाखवणारी कमांड) लावून बघावं तर यादीतली एकही प्रोसेस दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही. सगळ्यांची बेरीज केली तरी पंधरा टक्के भरत नाहीत. मग उरलेला सीपीयू खातंय कोण? युनिक्स-लिनक्सची मशिनं सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. माझ्यापुढे तो एका ग्राहकाच्या सर्व्हरवर आला, रात्रीच्या बॅच जॉबच्या वेळी. मशीनमध्ये काहीतरी शिरलंय, कोणीतरी गुपचूप क्रिप्टो माइनिंग करतंय, इथपर्यंत चर्चा गेली होती. सगळं पुसून नव्याने बसवूया, असंही एकाने सुचवलं.

टॉपच्या पडद्यावरचे दोन्ही आकडे खरे होते, वरच्या ओळीतला टक्का आणि खालची यादीसुद्धा. पण ते दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात. वरची ओळ /प्रोक/स्टॅट या फाइलमधून येते (/प्रोक म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपला हिशेब मांडतो तो फोल्डर). त्यात अख्ख्या मशीनचा हिशेब असतो, सीपीयू ज्याने वापरला तो आत्ता जिवंत असो वा नसो. खालची यादी मात्र जिवंत प्रोसेसच्या एकेका फाइलमधून जमवलेली असते. लिनक्सवरचा नेहमीचा टॉप दर तीन सेकंदांनी /प्रोकमधले प्रोसेसच्या नंबरांच्या नावाचे सगळे फोल्डर चाळतो, प्रत्येक प्रोसेसने जन्मापासून आतापर्यंत किती सीपीयू वापरला ते वाचतो आणि त्यातून मागच्या फेरीचा आकडा वजा करतो. म्हणजे टॉपला दिसायचं असेल तर तो वाचायला येईल त्या क्षणी प्रोसेस हजर हवी. ठाण्याला लोकलमध्ये चढून मुलुंडला उतरून गेलेला माणूस घाटकोपरला चढलेल्या टीसीला सापडत नाही, तसंच हे. गर्दीत तो होता, पण तपासणीत नाही.

गेली अनेक वर्षं याच कामात असल्यामुळे मला एक सवय लागली आहे. प्रोसेसबद्दलचा कुठलाही आकडा समोर आला की, तो बरोबर की चूक हे बघण्याआधी मी विचारते, हा आकडा कर्नलने कधी लिहिला? प्रोसेस जन्मली तेव्हा, चालू असताना, वाट बघत होती तेव्हा, की मेल्यावर? कोणाला काय दिसलं आणि काय निसटलं, हे बहुतेक वेळा एवढ्यावरून कळतं. परफॉर्मन्सवरचं मार्गदर्शन वाचताना हा प्रश्न क्वचितच भेटतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. कमांडची यादी असते, प्रत्येक रकान्याचा अर्थ असतो, पण तो रकाना कोणत्या घडीला भरला गेला हे कोणी सांगत नाही.

एके काळी तर वाचायला फाइलसुद्धा नव्हती. जुन्या युनिक्सवर पीएस ही प्रोसेसची यादी देणारी कमांड सरळ कर्नलच्या मेमरीत हात घालायची. /डेव्ह/केमेम ही फाइल उघडायची, कर्नलच्या बायनरीतून प्रोसेस टेबलचा पत्ता शोधायचा आणि तिथल्या बाइट्सचा अर्थ आपणच लावायचा. कर्नल बदलला की पीएस पुन्हा कंपाइल करा. शिवाय कर्नलची मेमरी वाचायची म्हणून त्या प्रोग्रॅमला जास्तीचे अधिकारही द्यावे लागत. यातून सुटका केली बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी. प्रोसेसलाच फाइल मानायचं, ही त्यांची कल्पना. 1984 साली त्यांनी ती यूसेनिक्सच्या परिषदेत मांडली आणि आठव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये /प्रोक आलं. पुढे रॉजर फॉकनर आणि रॉन गोम्स यांनी ती सिस्टिम व्हीमध्ये नेली, प्लॅन 9 ने त्यातल्या नोंदी माणसाला वाचता येतील अशा मजकुरात दिल्या आणि 1992 मध्ये लिनक्समध्येही /प्रोक दाखल झालं. योगायोग असा की विल्यम लफीव्हर यांनी टॉप लिहिला तोही 1984 मध्येच, व्हीएमएसवरची तशी सोय बघून.

आज आपल्याला हे इतकं सहज मिळतं की त्याचं अप्रूप राहिलेलं नाही. कुठल्याही लिनक्सवर कॅट /प्रोक/सेल्फ/स्टॅट एवढं टाइप करा. एक लांबलचक ओळ येईल. नव्या कर्नलवर तिच्यात 52 रकाने असतात. पहिला प्रोसेसचा नंबर, दुसरं कंसात नाव, तिसरं एकच अक्षर, म्हणजे ती सध्या काय करतेय. नाव फक्त पंधरा अक्षरांचं आणि त्यात स्पेस किंवा कंसही असू शकतो, म्हणून ही ओळ तोडताना शेवटच्या बंद कंसापासून पुढे मोजायचं. स्पेसवर ओळ तोडणाऱ्या किती तरी स्क्रिप्ट मी दुरुस्त केल्या आहेत. एखाद्या प्रोसेसने आपल्या नावात स्पेस घातली की पुढचा सगळा हिशेब एक घर सरकतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

चौदावा आणि पंधरावा रकाना म्हणजे प्रोसेसने स्वतःच्या कोडमध्ये घालवलेला आणि कर्नलने तिच्यासाठी खर्च केलेला सीपीयू. सेकंदाच्या शंभराव्या भागात. सोळावा आणि सतरावा मात्र फारसं कोणी बघत नाही, आणि मला सगळ्या ओळीत हेच दोन जास्त बोलके वाटतात. तिथे मेलेल्या मुलांचा सीपीयू असतो. मूल-प्रोसेस संपली आणि आईने वेट करून तिची दखल घेतली, की मुलीचा सगळा वेळ आईच्या या दोन रकान्यांत जमा होतो. दखल घेतली नाही तर होत नाही. आईने आधीच सांगून ठेवलं असेल की मुलांच्या मरणाची खबर मला नको, तर त्यांचा वेळ तिच्या खात्यात कधीच येत नाही.

टॉपमध्ये मोठा एस दाबला की तो वेळेच्या रकान्यात मेलेल्या मुलांचा वेळ धरून दाखवायला लागतो. त्या रात्री मी तेच केलं. यादीच्या पार तळाशी असलेल्या एका शेल स्क्रिप्टचा वेळ एकदम तासांत गेला. स्वतःच्या नावावर तिचा सीपीयू जवळपास शून्य, पण मुलांच्या नावावर मात्र सगळा डोंगर. /प्रोक/स्टॅटमध्ये प्रोसेसेस नावाची एक ओळ असते, मशीन चालू झाल्यापासून किती प्रोसेस जन्मल्या ते सांगणारी. ती एका मिनिटाच्या अंतराने दोनदा वाचली आणि वजाबाकी केली. मशीन भुतांनी झपाटलेलं नाही, ते नुसती बाळंतपणं करतंय, हे तेव्हाच सगळ्यांना दिसलं.

ती स्क्रिप्ट एक मोठा लॉग ओळीओळीने वाचत होती आणि प्रत्येक ओळीला डेट, कट आणि ग्रेप यांना वेगवेगळं बोलवत होती. प्रत्येक प्रोसेस काही मिलिसेकंद जगायची. मेमरीचा नकाशा उभारायचा, लायब्ररी जोडायच्या, दोन शब्द कापायचे आणि सगळा मांडव मोडायचा. कामापेक्षा जन्म-मरणाचा खर्च कितीतरी जास्त. वरच्या ओळीत कर्नलचा टक्का भरपूर होता तो त्यामुळेच. तेच काम ऑक या मजकूर चाळायच्या भाषेतल्या एकाच प्रोग्रॅममध्ये लिहिल्यावर तो जॉब इतक्या लवकर संपला की दुसऱ्या दिवशी ग्राहकाने फोन करून विचारलं, चालला ना नक्की?

पण एस दाबून मिळालं ते फक्त आईचं नाव. कोणती मुलं, किती, किती वेळ जगली, हे कळायला आणखी जुन्या साधनाकडे जावं लागतं. प्रोसेस अकाउंटिंग युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, 1979 मध्ये, होतंच. तेव्हा एकच यंत्र अनेक जण वाटून वापरत आणि वापरलेल्या वेळाचं बिल खातेदारावर लागत असे. म्हणून कर्नलने प्रत्येक प्रोसेसच्या शेवटी एक छोटी नोंद फाइलच्या टोकाला जोडायची. कोणी चालवली, कधी सुरू झाली, किती सीपीयू घेतला, एकूण किती वेळ जगली, नाव काय. लिनक्सवर ही नोंद 64 बाइट्सची असते. वेळाचे आकडे 16 बिटांत कोंबलेले, तीन बिटांचा घातांक आणि तेरा बिटांचा आकडा, त्यामुळे मोठ्या आकड्यांची शेवटची घरं गळून जातात. बिलासाठी ते चालण्यासारखंच होतं.

रेड हॅटवर पीएसअकाउंट, डेबियनवर अकाउंट नावाचं पॅकेज टाकलं की हे आजही चालतं. एसए कमांड नावानुसार बेरजा देते, लास्टकॉम एकेक नोंद दाखवते. लास्टकॉमची यादी वाचताना सुरुवातीला गोंधळ होतो, कारण तिचा क्रम जन्माचा नसून मरणाचा असतो, शेवटी मेलेली सगळ्यात वर. आधी सुरू झालेली आई मुलांच्या वर दिसते, कारण ती मुलांनंतर संपली. तिथे नावापुढे एखादं अक्षर असतं. एक्स म्हणजे सिग्नलने मारली गेली, डी म्हणजे कोअर (मेमरीची प्रत) टाकून कोसळली, एस म्हणजे सुपरयूजरचे अधिकार वापरले. आणि एफ म्हणजे फोर्क झाली पण दुसरा प्रोग्रॅम कधी चालवलाच नाही, आईचीच प्रत म्हणून जगली आणि तशीच गेली.

हे एफ अक्षर फार कामाचं आहे. आज नवनव्या प्रोसेस पकडायला बहुतेक जण एक्झेकस्नूप वापरतात. 2005 मध्ये सोलारिस 10 या युनिक्सबरोबर आलेल्या डीट्रेसने चालू कर्नलला जागोजागी प्रश्न विचारायची सोय दिली, लिनक्सवर तेच काम आता ईबीपीएफ करतं, आणि ब्रेंडन ग्रेग यांच्या छोट्या छोट्या साधनांमुळे ते सामान्य ॲडमिनच्या हातात आलं. एक्झेकस्नूप लावा, की नवा प्रोग्रॅम सुरू होण्याच्या क्षणाला नंबर, आईचा नंबर आणि पूर्ण कमांड समोर येते. जन्माच्या वेळची नोंद. मला ते अतिशय आवडतं. पण नावातच आहे त्याप्रमाणे ते एक्झेकवर, म्हणजे नवा प्रोग्रॅम चढवण्याच्या कॉलवर, कान लावून बसतं. बॅश हा शेल जेव्हा कंसातल्या कामासाठी किंवा पाइपसाठी स्वतःचीच प्रत काढतो आणि त्या प्रतीला दुसरं काही चालवायचं नसतं, तेव्हा एक्झेक होतच नाही आणि एक्झेकस्नूपच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. पन्नाशीच्या घरात पोचलेलं अकाउंटिंग मात्र ती प्रत मेल्यावर एफ लावून तिची नोंद करतं. नव्या साधनाने जुनं मोडीत निघतं असं मानणाऱ्यांना मी हे मुद्दाम चालवून दाखवते.

अकाउंटिंगची उणीवही त्याच जागी आहे. ते मेल्यावरच लिहितं. महिनोन् महिने चालणारा डेटाबेस, वेब सर्व्हर यांची त्यात एक ओळही नसते, रीस्टार्ट होईपर्यंत. डिस्कचाही विचार करावा लागतो. सेकंदाला हजार प्रोसेस मरत असतील तर 64 बाइट्सच्या हिशेबाने दिवसाला साडेपाच जीबीची फाइल होते. लिनक्समध्ये मोकळी जागा दोन टक्क्यांच्या खाली गेली की कर्नल नोंद थांबवतो आणि चार टक्क्यांवर आली की पुन्हा सुरू करतो. म्हणजे डिस्क भरण्याच्या गडबडीतली, नेमकी हवी असलेली वेळच कोरी राहू शकते. गेर्लोफ लांगेफेल्ड या डच प्रोग्रॅमरच्या ॲटॉपने दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. जिवंत प्रोसेस /प्रोकमधून वाचायच्या, मधल्या काळात मेलेल्या अकाउंटिंगच्या फाइलमधून, आणि मेलेल्यांची नावं कोनी कंसात दाखवायची. पार्श्वभूमीला चालू ठेवला की तो सगळं फाइलमध्ये साठवतो आणि काल रात्रीच्या तीन वाजता मागे जाऊन बघता येतं. एकच साधन निवडायची वेळ आली तर मी हे निवडेन.

आता टक्क्यांबद्दल. पीएस आणि टॉप एकाच प्रोसेससमोर वेगवेगळा सीपीयू का दाखवतात, हा नव्या मुलांचा हमखास प्रश्न असतो. लिनक्सवरचा पीएस एकूण वापरलेला सीपीयू भागिले जन्मापासूनचा एकूण वेळ असा हिशेब करतो. तीन महिने गप्प बसलेली एखादी प्रोसेस गेला एक तास पूर्ण एक कोर खात असेल, तरी पीएस तिच्यासमोर 0.0 लिहितो, कारण 2,160 तासांत एक तास म्हणजे दशांशाच्या पहिल्या घरातसुद्धा येत नाही. पीएसच्या मॅन पेजमध्येच स्पष्ट म्हटलंय की ही पद्धत आदर्श नाही. फ्रीबीएसडीवरचा पीएस गेल्या मिनिटाभराची, हळूहळू विरत जाणारी सरासरी देतो. कमांड तीच, रकान्याचं शीर्षक तेच, अर्थ निराळा. एका मशीनवर बनवलेला धोक्याचा आकडा दुसऱ्यावर तसाच्या तसा लावणारे मॉनिटरिंग म्हणूनच मला धोकादायक वाटतं.

आणि मुळात तो वेळ तरी मोजला कसा जातो? बराच काळ पद्धत अशी होती की घड्याळाचा इंटरप्ट (चालू काम थांबवणारा ठोका) ठरावीक अंतराने, समजा सेकंदाला शंभर वेळा, वाजायचा आणि त्या क्षणी सीपीयूवर जी प्रोसेस सापडेल तिच्या नावावर अख्खे दहा मिलिसेकंद टाकले जायचे. सरासरीने हे बरं जमतं. पण कोणी ठरवून इंटरप्टच्या आधी झोपलं आणि नंतर लगेच उठलं तर? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या त्साफ्रीर, एत्सिऑन आणि फाइटेलसन यांनी 2007 मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवलं. साध्या अधिकारांची प्रोसेस सीपीयूचा हवा तेवढा वाटा बळकावू शकते, आणि काही सिस्टिमवर यादीत तिच्यासमोर शून्य दिसतं. तिने खाल्लेला वेळ दुसऱ्याच बिचाऱ्या प्रोसेसच्या माथी जातो. त्याच वर्षी लिनक्समध्ये सीएफएस हा शेड्युलर (सीपीयूची पाळी ठरवणारा भाग) आला आणि प्रोसेस सीपीयूवर चढताना-उतरताना नॅनोसेकंदांत वेळ मोजू लागला. नेहमीच्या मांडणीत एकूण वेळ आता अचूक असतो, पण त्यातला किती स्वतःच्या कोडचा आणि किती कर्नलचा, ही वाटणी अजूनही घड्याळाच्या ठोक्यांच्या प्रमाणात केली जाते. म्हणून अगदी कमी वेळ चालणाऱ्या प्रोसेसमधल्या या वाटणीवर मी कधी निष्कर्ष काढत नाही.

सीपीयूवर एवढं बोललो, पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकींत सीपीयू रिकामाच असतो. ॲप हळू चालतंय, रिपोर्ट निघत नाही, आणि टॉप शांत. प्रोसेस वाट बघत असते. डिस्कची, नेटवर्कची, दुसऱ्या थ्रेडने धरून ठेवलेल्या लॉकची, किंवा सीपीयूच मिळण्याची. माणसाच्या दृष्टीने हाच तिचा खरा वेळ, कारण समोर बसलेल्या माणसालाही तेवढाच वेळ थांबावं लागतं. आणि याच वेळाची नोंद सगळ्यात कमी ठेवली जाते.

सोलारिसने हे मनावर घेतलं होतं. तिथे मायक्रोस्टेट अकाउंटिंग नावाची सोय होती, सोलारिस 10 पासून कायम चालू. पीआरस्टॅटला एम लावला की प्रत्येक प्रोसेसचा वेळ आठ रकान्यांत वाटून समोर येतो. स्वतःच्या कोडमध्ये, कर्नलमध्ये, ट्रॅपमध्ये, कोडच्या पेजची (मेमरीच्या ठरावीक तुकड्याची) वाट बघताना, डेटाच्या पेजची, लॉकची, झोपेत आणि सीपीयूच्या रांगेत. या आठांची बेरीज शंभर होते. ही बेरीज शंभर होणं मला फार मोलाचं वाटतं. त्यात अज्ञात असं काही उरत नाही. प्रोसेस जिवंत होती ना, मग तिच्या प्रत्येक क्षणाचा जाब कुठल्या तरी रकान्यात मिळालाच पाहिजे. सोलारिस बहुतेक ठिकाणांहून गेलं, आणि त्याच्याबरोबर हा पूर्ण हिशेबही रोजच्या वापरातून गेला.

लिनक्सवर तो तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. /प्रोकमधल्या प्रत्येक प्रोसेसच्या फोल्डरमध्ये शेडस्टॅट नावाची तीन आकड्यांची फाइल असते, आणि तिच्याकडे कोणीच बघत नाही याचं मला कायम आश्चर्य वाटतं. पहिला आकडा सीपीयूवर घालवलेला वेळ, दुसरा रांगेत उभं राहून घालवलेला वेळ, दोन्ही नॅनोसेकंदांत. दुसरा आकडा पहिल्याच्या वेगाने वाढत असेल तर प्रोसेसला जेवढं मिळालं तेवढीच ती ताटकळलीही आहे. तिथल्याच स्टेटस फाइलमध्ये स्वतःहून सोडलेल्या आणि हिसकावून घेतलेल्या सीपीयूच्या वेगवेगळ्या मोजण्या असतात. पिडस्टॅट ही कमांड हे सगळं ठरावीक अंतराने वाचून नीट मांडून देते. लोड ॲव्हरेजवर (चालू आणि रांगेतल्या प्रोसेसच्या सरासरी संख्येवर) मात्र विसंबू नका. 1993 पासून लिनक्समध्ये त्यात डी अवस्थेतल्या, म्हणजे डिस्क किंवा तत्सम कशात अडकून सिग्नललाही दाद न देणाऱ्या प्रोसेसही मोजल्या जातात. नेटवर्कवरची डिस्क गेली की लोड शंभरावर जातो आणि सीपीयू पूर्ण रिकामा असतो. अशा वेळी सीपीयू वाढवून घेतलेले लोक मला माहीत आहेत.

मेमरीबद्दल एवढंच सांगते, की आरएसएसच्या (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेल्या जागेच्या) बेरजा करू नका. पोस्टग्रेसच्या शंभर प्रोसेस एकच सामायिक मेमरी वापरतात आणि प्रत्येकीच्या आरएसएसमध्ये तिने हात लावलेला भाग पुन्हा पुन्हा मोजला जातो, त्यामुळे बेरीज मशीनच्या रॅमच्याही पुढे जाते. पीएसएसमध्ये सामायिक पेज वापरणाऱ्यांत वाटून धरलं जातं, त्याची बेरीज चालते. लिनक्स 4.14 पासून स्मॅप्स-रोलअप फाइलमध्ये तो तयार मिळतो.

या सगळ्या बघण्यालाही किंमत पडते. एस-ट्रेस हे सिस्टिम कॉल (प्रोसेसने कर्नलकडे केलेल्या मागण्या) टिपणारं साधन लावलं की प्रोसेसला प्रत्येक कॉलला दोनदा थांबावं लागतं, चालू डेटाबेसवर ते करणं म्हणजे तो आजारी पाडणंच. एवढंच कशाला, साधा पीएससुद्धा अडकतो. पूर्ण कमांड दाखवायला पीएसला त्या प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत डोकवावं लागतं आणि त्यासाठी तिच्या मेमरीच्या नकाशावरचं लॉक लागतं. ती प्रोसेस तेच लॉक धरून डी अवस्थेत अडकली असेल, तर पीएसही तिच्या मागे रांगेत जाऊन उभा राहतो. मग काय झालं बघायला दुसऱ्या टर्मिनलवर दुसरा पीएस, तोही अडकतो. मॉनिटरिंगचा एजंट दर मिनिटाला एक नवा पीएस सोडत असेल तर बघायलाच नको. अशा वेळी फक्त कॉम आणि स्टॅट या फाइली वाचाव्यात, त्यांना ते लॉक लागत नाही. हे मी टीममधल्या प्रत्येकाकडून हाताने करून घेते, कारण खरी वेळ येते तेव्हा बोटं सवयीने पीएसकडेच जातात.

आणि बघणारा कोण, हेही बघायला हवं. कमांडसोबत दिलेला पासवर्ड पीएसमध्ये मशीनवरच्या कोणालाही दिसतो. मायएसक्यूएलचा क्लायंट सुरू होताच पासवर्डवर फुल्या मारतो, पण सुरू होण्यापासून फुल्या मारेपर्यंतच्या छोट्याशा फटीत तो उघडाच असतो, आणि एक्झेकस्नूप किंवा ऑडिटचा लॉग नेमका त्याच फटीत बघत असतो. जन्माच्या क्षणाची नोंद ठेवणारं साधन पासवर्डही जन्मल्या रूपात साठवतं. लिनक्स 3.3 पासून /प्रोक माउंट करताना हाइडपिड लावून इतरांच्या प्रोसेस लपवता येतात. अनेक जण वापरत असलेल्या मशीनवर, विशेषतः कॉलेजांच्या सर्व्हरवर, ते लावलेलं नसेल तर आजच लावावं. आपण गोळा केलेल्या फाइलींचे अधिकारही त्याच कडकपणे तपासावेत. परफॉर्मन्सचा डेटा म्हणून कोपऱ्यात पडलेल्या फाइलीत कोणी रात्री किती वाजता कोणता प्रोग्रॅम चालवला, याची माणसागणिक यादी असते. ती मशीनच्या दुरुस्तीसाठी आहे. माणसांच्या हजेरीसाठी ती मागितली गेली तेव्हा मी दिलेली नाही, पुढेही देणार नाही.

माझ्याकडच्या मशीनवर म्हणून आता काही गोष्टी पहिल्या दिवसापासून चालू असतात. अकाउंटिंग, रोज फाइल बदलून. ॲटॉप, दहा मिनिटांच्या नेहमीच्या अंतराऐवजी एका मिनिटाने. साठवताना नुसता प्रोसेसचा नंबर कधीच नाही, सोबत स्टॅटच्या बाविसाव्या रकान्यातली जन्मवेळही, कारण नंबर फिरून पुन्हा वापरात येतात आणि कालची 4312 आजची 4312 असेलच असं नाही. साठवायचे ते कच्चे, वाढत जाणारे आकडे. टक्के नंतर काढता येतात, टक्क्यांवरून आकडे परत मिळत नाहीत.

आणि डिले अकाउंटिंग. प्रोसेस डिस्कसाठी, स्वॅपसाठी आणि सीपीयूसाठी किती थांबली हे कर्नलमध्येच मोजायची ही सोय लिनक्स 2.6.18 मध्ये, 2006 साली आली. शैलभ नागर आणि बलबीर सिंग यांची नावं त्या सोर्स फाइलींच्या माथ्यावर आहेत. सोलारिसच्या त्या पूर्ण हिशेबाच्या सगळ्यात जवळ जाणारी लिनक्सवरची गोष्ट हीच. पण मोजायलाही थोडा खर्च येतो म्हणून 5.14 पासून ती मुळात बंदच ठेवलेली असते. नव्या मशीनवर आयओटॉप या डिस्कचा वापर दाखवणाऱ्या कमांडमधला थांबण्याचा टक्का कोरा दिसतो, त्याचं कारण हे. मशीन चालू असताना सिसकंट्रोल कमांडने कर्नल.टास्क-डिलेअकाउंट हे सेटिंग एक केलं की ती सुरू होते, परंतु त्यानंतर जन्मलेल्या प्रोसेसपुरतीच. डेटाबेस आधीच चालू असेल तर त्याच्या थांबण्याची नोंद मिळणार नाही, आणि भर दुपारी ग्राहकाचा डेटाबेस नुसत्या मोजणीसाठी रीस्टार्ट करायला कोणी परवानगी देत नाही. म्हणून बूटच्या ओळीतच डिलेअकाउंट हा शब्द टाकून ठेवायचा, मशीन ताब्यात येईल त्याच दिवशी, त्याच्यावर काहीही चढवण्याआधी.